मुखरू वाढईचे छकडे

मुखरू वाढईची आणि माझी ओळख मी त्याचा छकडा मोडला म्हणून झाली. आपटून किंवा आदळून मोडला नाही. मी त्याच्यावर नुसता बसलो.

त्रेपन्न सालचा पौष होता. चांदा जिल्ह्यात, ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात मी जनावरांचा डॉक्टर म्हणून नवाच आलो होतो आणि बुळकांडीची लस टोचत गावोगाव फिरत होतो. त्या दिवशी आवळटोला गावातली ढोरं टोचून झाली. दोन लाथा आणि एका म्हशीचं शिंग एवढी दक्षिणा मिळाली होती, शिवाय बुटात बाभळीचा काटा शिरला होता. मोहाच्या झाडाखाली बांबूचं काहीतरी आडवं पडलेलं दिसलं. मिरच्या वाळवायचं मचाण असेल असं समजून मी काटा काढायला त्यावर टेकलो. नागपूरच्या महालात पुरणपोळीवर पोसलेला देह तो. खालून कडाड असा आवाज आला आणि पुढच्या क्षणी मी उताणा पडून मोहाची पानं मोजत होतो.

सगळ्यात आधी धावत आले ते देवाजी पाटील. मालगुजारी सरकारनं दोन वर्षांपूर्वीच काढून घेतली होती, पण पाटलांनी मान अजून तशीच ताठ ठेवली होती आणि गोठ्यातली पांढरी जोडीही. तीच जोडी दहा दिवसांनी पटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, पळायची होती आणि तिचा छकडा माझ्याखाली होता. पाटील छकड्याभोवती एक फेरी मारून आले. पहिला शब्द आला तो वाढईच्या अंगणात बसलेल्या इसरूच्या तोंडून. उजवा हात कोपरापासून लोंबणारा हा माणूस दिवसभर तिथेच बसलेला असे.

"वाढई, पह्यले डाक्टरले उचल, मंग छकड्याले," तो म्हणाला. "डाक्टर जास्त मोडला असन."

घरातून हातात लाकूड तासायचा वाकस घेऊन एक वाळका, उंच माणूस आला. तोच मुखरू, गावचा वाढई म्हणजे सुतार. त्यानं माझ्याकडे बघितलंच नाही. गुडघ्यावर बसला, मोडलेल्या धुऱ्यात बोट घातलं, आतली साल उकलून पाहिली आणि वास घेतला. एखाद्या मेलेल्या ढोराचं पोट मी उघडून पाहतो, तसं. आत किडीनं खाल्लेली बारीक नळी होती, बाहेरून कुणालाही न दिसणारी.

"इथी मोडला थे बरं झालं," तो म्हणाला. मग पहिल्यांदा माझ्याकडे वळून त्यानं विचारलं, पुढच्या सालीही याल का, बसायला? मला वाटलं टोमणा आहे. पुढं कळलं की मुखरूला टोमणा मारता येत नाही. ते खातं इसरूकडे होतं.

छकडा म्हणजे काय ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगायला हवं. भात कापून झालं, खळी उरकली की आमच्या झाडीपट्टीत शंकरपट भरतात. रिकाम्या बांध्यांच्या, म्हणजे भातखाचरांच्या, पाळी फोडून शेजारी शेजारी दोन सरळ वाटा करतात आणि दोन जोड्या एकदम सोडतात. दिवसा बैल पळतात, रात्री नाटकातले नट ओरडतात आणि माणसं दोन्हीकडे सारख्याच भक्तीनं धूळ खात बसतात. बैलांच्या मागं जे असतं तो छकडा, आणि छकड्यावर जो असतो तो धुरकरी. छकडा हे बंडीचं, म्हणजे बैलगाडीचं, भूतच म्हणा ना. बंडीतून जे जे काढता येईल ते काढल्यावर जे उरतं ते. दोन चाकं, त्यांना जोडणारा एक आख, पुढं गेलेला एक धुरा आणि धुरकऱ्याच्या ढुंगणाला टेकायला वीतभर बांबू.

मुखरूच्या बापाच्या काळी साध्या बंडीचा वरचा सांगाडा उतरवून तीच पळवत. मुखरूनं पहिल्यांदा पटासाठी म्हणून वेगळी वस्तू बनवली. सागाचा धुरा काढून बांबूचा घातला. जू शिवणीचं केलं, कारण शिवण हलकी आणि मानेला मऊ. लोखंडी खिळे जमतील तेवढे काढून पळसाच्या मुळांच्या दोरानं सांधे आवळले. दोर जरासा लवतो, खिळा लवत नाही, लाकूड फाडतो, असं त्याचं म्हणणं. चाकं लहान केली, मग आरे कमी केले, मग राहिलेले आरे बारीक केले. त्या छकड्यांच्या जोरावर पाटलांच्या जोडीनं ब्रह्मपुरीकडचे पट मारले, नागभीडकडचे मारले, चिमूरच्या बाजूनं आलेल्या नामांकित जोड्यांना धूळ चारली. परगावची माणसं नांगर करून घ्यायच्या निमित्तानं मुखरूच्या अंगणात येत आणि नांगराकडे पाठ करून छकडा बघत. मुखरू त्यांना सगळं दाखवी. लपवायचं काय, म्हणे, लाकूड तर लाकूडच आहे.

पण या सगळ्या जिंकण्याला एक हात लागला होता आणि तो इसरूचा होता. बारीक आऱ्यांचा पहिला छकडा त्यानं हाकला होता. अर्ध्या वाटेत डावं चाक दुमडलं, इसरू खाली आला आणि त्याच्या हातावरून दुसरं चाक गेलं. तो हात पुढं झाडाच्या वठलेल्या फांदीसारखा वाळत गेला. मुखरूनं त्याला त्या दिवशी पाठीवर घेऊन घरी आणलं, ते आणलंच. तेव्हापासून इसरूची भाकर मुखरूच्या चुलीवर होती. त्याबद्दल कोणी कधी काही बोललं नाही. इसरू मात्र भाकर कच्ची राहिली म्हणून रोज बोले.

आणि तेव्हापासून मुखरू पटाला जात नसे. अख्खं गाव माळावर लोटलेलं असायचं आणि जिच्या जिवावर जोडी पळायची ती वस्तू करणारा माणूस अंगणात बसून नुसता आवाज ऐकायचा. गलका उठला, चढत गेला, फुटला आणि मग हसण्याभांडण्यात विरून गेला, की तो उठून घोटभर पाणी पिई. गलका मधेच तुटला, तर काय करायचं हे त्याला माहीत होतं. त्या दिवशी तो पडलेल्याला उचलून आणायला खाट तयार ठेवी.

तर मी पुढच्या पौषात गेलो. मुखरूचा निरोपच आला होता की डॉक्टरांना बसायला पाठवा. माझ्या कचेरीतल्या शिपायाला वाटलं, पाटलांकडे पंगत आहे. नव्या छकड्याची चाकं ओंडक्यांनी अडवलेली होती. मुखरूनं मला त्या वीतभर बांबूवर बसवलं आणि हलायला सांगितलं. पुढं, मागं, डावीकडे, उजवीकडे. तो स्वतः जमिनीला कान लावून, छकड्याखाली पालथा पडून ऐकत होता. अंगणात अर्धं गाव जमलेलं. "उडा जी डाक्टर, उडा," असं इसरू सांगत होता आणि सरकारी नोकरीतला, लग्न झालेला, एका मुलाचा बाप असलेला मी उडत होतो. छकडा करकरला, पण तगला. मुखरू उठून माती झटकत म्हणाला, जमलं. त्या सालापासून ही रीतच पडली. डॉक्टर बसून उठल्याशिवाय आवळटोल्याचा छकडा पटाला जात नसे. माझ्या शिक्षणाचा जिल्ह्याला झालेला सगळ्यात खात्रीचा उपयोग तोच.

मुखरूची बायको लवकर गेली होती. घरात एक मुलगी, शकू. बापाच्या अंगणात वाढलेल्या पोरीला बाहुल्या कमी आणि लाकडाच्या ढलप्या जास्त मिळाल्या होत्या. आख करायचा तो धावड्याच्या लाकडाचा. पावसाळाभर बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाण्यात बुडवून ठेवायचा, मग सावलीत वाळवायचा आणि मग तासायचा. आख गोल तासायला दोन माणसं लागतात. एकानं वाकस चालवायचा आणि दुसऱ्यानं पलीकडचं टोक दोन्ही हातांनी धरून तो कणाकणानं फिरवत राहायचा. फिरवणाऱ्याचा हात चुकला तर वाकस खोल जातो. शकू सात-आठ वर्षांची असल्यापासून बापाच्या समोर बसून आख फिरवत आली होती. दोघं त्या वेळी एकमेकांशी एक अक्षर बोलत नसत आणि तरी त्यांच्याइतकं एकमेकांचं ऐकणारी माणसं मी पाहिली नाहीत.

तिचं लग्न नथ्थूशी झालं. नथ्थू जातीनं वाढईच, दोन कोसांवरच्या कोसंबीचा. मुखरूकडे काम शिकायला म्हणून आला होता आणि हात चांगला होता. पण त्याचं मन वाकसात नव्हतं, कासऱ्यात होतं. इसरूच्या जागी पाटलांची जोडी तोच हाकू लागला आणि असा हाकी की बैलांना चाबूक माहीतच नव्हता. नुसता जिभेनं टकटक आवाज काढी. मुखरूनं लेकीला सांगून पाहिलं की तुला धुरकऱ्याला देत नाही. शकूनं सांगितलं की ती ज्याला मनात धरून बसली आहे तो धुरकरीच आहे. मग हळद लागायच्या आदल्या दिवशी मुखरू तिला एवढंच म्हणाला, ते मी माझ्या कानांनी ऐकलं.

"हाकू दे त्याले. पन छकडा माह्या हातचा राहीन. तुह्या नवऱ्याचं हाड मोडू देनार नाई मी."

त्या एका वाक्यापासून मुखरूच्या छकड्यांचा इतिहास उलटा फिरला, आणि ते जगात फक्त एका माणसाला कळलं. तो माणूस त्यांच्यावर बसत होता. पहिल्या साली मी श्वास रोखून बसलो होतो. लग्नानंतरच्या साली जरा सैल बसलो. त्याच्या पुढच्या साली मी छकड्यावर बसून पान लावलं, चुना मळला, इसरूलाही एक दिलं आणि करकर म्हणून ऐकू आली नाही. आख जाड झाला होता. आरे परत भरले होते.

पाटलांच्या हे ध्यानात यायला हवं होतं, कारण दर साली छकडा तयार झाला की ते येऊन धुऱ्याच्या टोकाला धरून एका हातानं उचलून पाहत आणि म्हणत, आणखी हलका पाहिजे. मुखरूनं काय केलं, तर धुऱ्याचं पुढचं टोक पोकळ बांबूचं ठेवलं आणि जडपणा सगळा मागं, आखात नेऊन ठेवला. आखाचं वजन चाकं झेलतात. पाटील पुढून उचलत, तर छकडा पिसासारखा वर येई. पाटील खूश होऊन जात.

पाटलांना फसवणं सोपं होतं. बैलांना कसं फसवणार? पांढरी जोडी पंचावन्न साली हरली. छप्पन्न साली आमचा जिल्हा खुर्चीवरून न उठता मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, आणि पांढरी जोडी मात्र पळूनही पुन्हा मागंच राहिली, तीही घरच्या पटात, घरच्या माणसांसमोर. लोक हसले. देवाजी पाटलांनी नथ्थूला चार लोकांत विचारलं की बाबा, तू हाकतोस की बैलांना हवा घालतोस? नथ्थूनं खाली वाकून बैलांचं जू सोडलं. कोसंबीच्या विहिरीवर बाया शकूशी बोलत होत्या. तुझ्या बापानं जावयाला बंडी दिली म्हणत, वर पाटी ठेवली तर शेणखतही जाईल म्हणत.

सत्तावन्नच्या पौषात मी बसायला गेलो तेव्हा शकू माहेरी आलेली होती. सवयीनं बापासमोर बसून आख फिरवत होती. मी पान लावत बसलेलो. काम संपत आलं तशी ती म्हणाली, "बा, अजून तास."

"झालं," मुखरू म्हणाला.

"नाई झालं. मले आख कळत नाई काय? थो जेवत नाई घरी, बा. मुक्यावानी बसून राह्यते. यंदा हरला त थो पुन्हा पटात उतरनार नाई, अन् पट नाई त थो कोन आहे? तुनंच सांग, कोन आहे थो?"

"जिता आहे," मुखरू म्हणाला.

"असा जिता माणूस मले नाई पाह्यजे."

मुखरूनं वाकस खाली ठेवला. आख उचलून एका टोकावर बोटानं टिचकी मारली आणि दुसऱ्या टोकाला कान लावला. मग तो तसाच, तेल पाजून काळा करून, नेऊन चाकात बसवला. शकू उठून आत गेली. त्या दिवशी मला छकड्यावर उडायला कोणी सांगितलं नाही. मी आपणच दोन उड्या मारल्या. दगडावर मारल्यासारख्या.

दुसऱ्या दिवशी नथ्थू आला आणि बैलांना नव्या छकड्याची सवय व्हावी म्हणून जोडी आणि छकडा कोसंबीला घेऊन गेला. शकूही त्याच्याबरोबर गेली. कोसंबीच्या घरात नवराबायको दोघंच. पट चार-पाच दिवसांवर होता.

पटाच्या दिवशी मी माळावर होतो. सरकारी कामच होतं ते, पळणाऱ्या बैलांना कोणी काही पाजलंय का ते बघायचं. बैलांना कोणी काही पाजलं नव्हतं. माणसांनी मात्र एकमेकांना सढळ हातानं पाजलं होतं. आवळटोल्याच्या जोडीसमोर चिमूरकडची तांबडी जोडी होती, जी गेल्या साली जिंकली होती. झेंडी पडली आणि मी जे पाहिलं ते आधी कधी पाहिलं नव्हतं. पांढरी जोडी पळत नव्हती, जमिनीवरून सरकत होती. छकडा तिच्यामागं आहे असं वाटतच नव्हतं. नथ्थू पुढं वाकलेला, दोन्ही शेपट्यांत जवळजवळ गुंतलेला, आणि त्याचं तोंड उघडं. तो हसत होता असं मला वाटतं. तांबडी जोडी निम्म्या वाटेवर असताना तो रेषेपलीकडे गेला.

गलका फुटला. पागोटी उडाली. देवाजी पाटील बाजूच्या माणसाला मिठी मारून त्याचा चेहरा धुळीनं माखत होते.

जिंकलेल्या जोडीला रेषेपुढं थांबवायला थोडी मोकळी जमीन ठेवतात. दर साली ती पुरे, कारण बैल तोवर दमलेले असत. यंदा ते दमलेच नव्हते. मोकळी जमीन संपली आणि पुढं न फोडलेली पाळ आली, गुडघाभर उंचीची, उन्हानं दगड झालेली. बैल ती सहज ओलांडून गेले. छकडा उडाला आणि खाली आला तेव्हा आख मधोमध तुटला. चाकं दोन बाजूंना गेली. नथ्थूच्या पायात कासरा अडकला होता. बैल थांबले तेव्हा तीन बांध्या मागं पडल्या होत्या.

गलका तुटला. मी धावत गेलो. जनावरांचा असलो तरी डॉक्टर होतो, आणि जवळ गेल्यावर कळलं की डॉक्टरचं काम उरलेलं नाही.

थोड्या वेळानं माळाच्या कडेनं मुखरू येताना दिसला. खाट आपल्या एकट्याच्या डोक्यावर घेऊन चालत येत होता. किती वर्षांनी तो पटाच्या जागी पाय ठेवत होता कोण जाणे. लोक बाजूला झाले. त्यानं जावयाच्या तोंडावरची माती आपल्या धोतरानं पुसली. मग तो तुटलेल्या आखाकडे गेला आणि गुडघ्यावर बसला. चार वर्षांपूर्वी बसला होता तसाच. तुटलेल्या जागी बोट घातलं. मी त्याच्या मागं उभा होतो, मलाही दिसलं. मी ज्याच्यावर उड्या मारल्या तो मनगटाहून जाड होता, तेलानं काळाभोर मुरलेला. हा त्याच्या निम्मा होता आणि वरचं लाकूड उघडं, पांढरं, नुकतं तासलेलं.

मुखरूनं वर बघितलं नाही. त्यानं दोन्ही तुकडे गोळा करून खाटेवर, जावयाच्या पायांशी ठेवले.

शकू बायांच्या घोळक्यातून आली. ती नवऱ्याच्या अंगावर पडली नाही. सरळ बापासमोर येऊन उभी राहिली आणि सगळ्या माळाला ऐकू जाईल असं बोलली. "तुनं म्हनलं होतं, हाड मोडू देनार नाई. आता पाह्य. तुह्याच हातचा छकडा आहे. तुनंच मारलं त्याले."

मुखरूनं मान हलवली. हो म्हणून.

बस्स, तेवढं गावाला पुरलं. पाटलांना कोणावर तरी रागवायचं होतंच. पंचनाम्यात अपघात लिहिला गेला, पण गावच्या तोंडी वाढईनं जावई मारला हेच राहिलं. पटाचं काम तर गेलंच, बंडीचंही गेलं. वाढईच्या हातच्या बंडीत लेकरं कशी बसवायची, असं लोक म्हणू लागले. दूरच्या गावाहून कोणी नांगराचं किंवा खाटेच्या पायाचं काम आणलं तर आणलं. मोहाखालचं अंगण रिकामं झालं. इसरू तेवढा बसलेला असे आणि तोही टोमणे मारीनासा झाला होता. मला ते सगळ्यात वाईट वाटे.

दिवसकार्य झाल्यावर कोसंबीच्यांनी शकूला बापाच्या दारात आणून सोडलं. ती राहिली. तिसऱ्या माणसाचीही भाकर चुलीवर चढली. बापाचं ताट ती जमिनीवर आदळून ठेवी. त्याच्याशी बोलत नसे, पण त्याच्याबद्दल बोले. पाणी प्यायला थांबलेल्या वाटसरूलासुद्धा सांगे, हा माझा बाप, यानं माझा माणूस खाल्ला. मुखरू समोर असला तर खाली मान घालून ऐके, आणि बोलून झालं की कामाला लागे. मी दोनदा गेलो, दोनदा हे पाहिलं आणि दोनदा चहा न घेता परतलो.

पुढच्या सालच्या उन्हाळ्यात माझी बदली झाली. निरोप घ्यायला आवळटोल्याला गेलो तेव्हा दुपार होती. मुखरू नांगराचं लाकूड तासत होता. पलीकडचं टोक त्यानं मोहाच्या बुंध्याला दोरानं बांधलं होतं. चार वेळा वाकस चालवायचा, उठायचं, दोर सोडायचा, लाकूड जरासं फिरवायचं, पुन्हा बांधायचं, पुन्हा येऊन बसायचं. शकू दारात तांदूळ निवडत होती. मला पाहून तिनं सूप उचललं आणि ती आत गेली. आतून भांडं आपटल्याचा आवाज आला.

मी त्याच्या शेजारी बसलो, यावेळी जमिनीवरच. आणि गेलं वर्षभर जे साठलं होतं ते सगळं बोलून टाकलं. म्हटलं, मुखरूभाऊ, त्या आखावर मी बसलो होतो. त्याच्यावर रेडा नाचला असता. तू दिलेला आख तो नव्हता. नथ्थूनं कोसंबीला नेऊन, जिंकायच्या हट्टापायी तो स्वतःच्या हातानं तासला. हे तुला त्याच दिवशी कळलं आणि मलाही कळलं. तू मेलेल्याची चूक झाकलीस, ठीक आहे, तुझा स्वभाव. पण त्यापायी तुझं काम गेलं, गाव गेलं, आणि पोटची पोर तुला रोज खुनी म्हणते. तिला खरं कळायला नको? तुझ्यानं बोलवत नसेल तर मी आत जातो आणि सांगतो.

आणि मी खरंच उठलो.

मुखरूनं माझं मनगट धरलं. लाकडावरच्या ढलप्या फुंकरीनं उडवल्या, आतल्या दाराकडे एकदा बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "कोसंबीले आखाचं दुसरं टोक तिनंच धरलं होतं, डाक्टर."